भिंतीपलीकडचा बुधवार

माझ्या मामीच्या दाराला आतून तीन कड्या आहेत आणि वर एक साखळी. बेल वाजली की ती आधी पडदा बोटभर सरकवून बघते, मग "कोण?" म्हणून विचारते, आणि आवाज ओळखीचा असला तरी "एकटीच आलीस ना?" हे विचारल्याशिवाय कडीला हात लावत नाही. मामा म्हणायचा, "एक दिवस मी दाराबाहेरच म्हातारा होऊन मरेन, आणि ही आतून विचारेल, कोण मेलं?" मामी या विनोदाला कधी हसली नाही.

नऊ वर्षांपूर्वी ती अशी नव्हती. मामी कपडे शिवते. तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापायचं लांब टेबल, दांडीवर तयार कपडे आणि कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. तिच्याकडे अकरा वर्षं एक काकू कामाला होत्या. काजं, बटणं, हातशिलाई त्यांच्याकडे. मामीपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, तोंडाने फटकळ, पण टाका असा बारीक की उलट्या बाजूने शोधायला लागायचा. दाराला लॅच होतं, ओढलं की आपोआप बसायचं. किल्ल्या तीन. एक मामाची, एक मामीची आणि एक काकूंची.

त्या दिवशी काकूंनी दाढ दुखते म्हणून सुट्टी घेतली होती. दुपारचे अडीच वाजले होते. मामा वीजमीटर वाचायला फिरतीवर. मामी दाराकडे पाठ करून मशीनवर बसली होती, मशीनची मोटर घरघरत होती, आणि मागून कुणीतरी तिच्या तोंडावर हात दाबला.

दोघं होते. तोंडं बांधलेली. बुटक्याच्या हातात सुरा होता. दुसरा उंच होता. अस्तराच्या पट्ट्यांनी त्यांनी तिला खुर्चीला बांधलं आणि टेबलावर कापून ठेवलेली एक बाही तिच्या तोंडात कोंबली. तिचा जीव घुसमटला, डोळे पांढरे व्हायला लागले. तेव्हा तो उंच माणूस वाकला, बाही जराशी बाहेर ओढली आणि तिच्या कानाशी म्हणाला, "श्वास नाकाने घ्या. सावकाश. सावकाश." प्रत्येक 'स'बरोबर बारीक शिट्टी वाजत होती, समोरच्या दातात फट असल्यासारखी.

वीस मिनिटांत ते दागिने घेऊन गेले. मामा साडेपाचला आला. मधले जवळजवळ तीन तास मामी तशीच बसून होती, आणि ते परत येतील याची वाट बघत होती. मला हे सांगताना ती म्हणाली, "ते होते तेव्हा मी कमी घाबरले होते गं. ते गेल्यावर जास्त."

पोलिसांनी दार तपासलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. "किल्लीने उघडलंय," ते म्हणाले. "किल्ली आणखी कुणाकडे असते?"

मामीने काकूंचं नाव सांगितलं. आरोप केला नाही. पण "त्या तसं करणार नाहीत" असंही ती म्हणाली नाही. काकूंना दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. चौथ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी कामावर आल्या. दाराला नवी साखळी लागली होती. मामी फटीतूनच म्हणाली, "काकू, सध्या काम कमी आहे. नका येऊ." काकूंनी तिच्याकडे बघितलं, पिशवीतून किल्ली काढली, फटीतून आत टाकली आणि पायऱ्या उतरून गेल्या. तेव्हा चोर सापडले नाहीत.

त्यानंतर मामीचं सगळं आयुष्य त्या खोलीत उलटं फिरलं. मशीन वळवून तिने तोंड दाराकडे केलं. मोटरच्या आवाजात पावलं ऐकू येत नाहीत म्हणून मोटर काढून टाकली आणि पायाने मशीन चालवायला लागली. गिऱ्हाइकं निम्मी झाली. भाजी आणायला जायचं तर मामा घरी असतानाच. चार घरं पलीकडे कुणी मोठ्याने भांडलं तरी ही उठून तिन्ही कड्या बघून यायची. मामाने डॉक्टर केले, औषधं केली, पुढे तो थट्टा करायला लागला, कारण दुसरं काय करावं हे त्याला कळेना.

तिच्या घराची मागची भिंत आणि शेजारच्या चर्चचं आवार यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ. मामी त्या चर्चची नव्हती. वीस वर्षं शेजारी राहून तिला तिथली घंटा आणि रविवारची गाणी एवढंच ठाऊक होतं. चर्चच्या मागे रस्ता वळतो तिथे मात्र बायकांच्या पिशव्या, गळ्यातल्या साखळ्या हिसकावल्या जायच्या. संध्याकाळनंतर त्या वळणावर कुणी एकटं जात नसे.

गेल्या वर्षी तिथे नवीन पाळक आले. चाळिशीचा, किडकिडीत माणूस, सायकलवर फिरणारा. त्यांनी जाहीर केलं की दर बुधवारी दुपारी दोन ते पाच चर्चचा हॉल तुरुंगातून सुटून आलेल्यांसाठी उघडा राहील. बसायला जागा, चहा, कागदपत्रं भरायला मदत, आणि मोडक्या बाकांची दुरुस्ती, म्हणजे हाताला काम.

गल्लीचं धाबं दणाणलं. "आधीच वळणावर चोर, आता चहा पाजून आणखी बोलवा!" हे समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर. दुसऱ्या बुधवारी त्यांनी गॅलरीतून मोजलं तर एकोणीस माणसं आत गेली. त्यांनी हॉल बंद करण्यासाठी अर्ज लिहायला घेतला. मामाने मागच्या खिडकीला लोखंडी जाळी ठोकली. दर बुधवारी दोन वाजता पलीकडे फाटक करकरायचं आणि ती टेबलावरची मोठी कात्री उचलून मांडीवर ठेवायची.

आश्चर्य म्हणजे वळणावरच्या चोऱ्या थांबल्या. हॉलमधली माणसं पाच वाजता बाहेर पडून कट्ट्यावर विड्या ओढत रेंगाळायची, आणि त्यांच्यासमोर हात मारायची कुणाची छाती होत नसावी. पोस्टमास्तरांचं म्हणणं वेगळं होतं, "दबा धरून बसलेत." खरं काय ते कुणालाच सांगता आलं नसतं. पण बायका त्या वळणावरून पुन्हा जायला लागल्या, एवढं मी स्वतः बघितलं.

सातव्या की आठव्या बुधवारची गोष्ट. मामी एका झग्याला गळपट्टी लावत होती. पलीकडे बोळीच्या तोंडाशी दोघं-तिघं मिळून एक लांब बाक हॉलबाहेर काढत होते. एकाचं बोट चेपलं असावं, तो ओरडला. आणि दुसरा म्हणाला, "सावकाश. सोडू नका. सावकाश."

मामीचे पाय मशीनवरच थांबले. सुई कापडात रुतलेली. ती हलली नाही. पलीकडे बाक आपटल्याचा आवाज झाला, कुणीतरी हसलं, आणि तोच शिट्टीचा आवाज पुन्हा आला, "सरळ धरा." ती जमिनीवर बसली आणि तशीच सरकत न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली. मामा आला तेव्हा ती तिथेच होती.

"अहो, तो आहे."

"कोण?"

"तो. उंच. बाही काढणारा."

मामा तडक चपला घालायला लागला. "चौकीत जातो. आत्ताच्या आत्ता."

"थांबा," मामी म्हणाली. "काय सांगणार? नऊ वर्षांपूर्वी ऐकलेली शिट्टी? ते त्याला बोलावतील, दोन प्रश्न विचारतील आणि सोडतील. मग त्याला कळेल मी कुठे राहते, आणि मला कळलंय हेही कळेल."

"अगं, कुठे राहतेस हे त्याला माहीत नाही का?"

याचा विचार तिने केलाच नव्हता. तो दर बुधवारी तिच्या भिंतीला खेटून उभा राहत होता, आणि घर त्याला आतून पाठ होतं. त्या रात्री दोघंही झोपली नाहीत.

दोन दिवसांनी पोस्टमास्तर अर्ज घेऊन आले. त्रेचाळीस सह्या झाल्या होत्या. "वहिनी, तुमची सही सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही सोसलंय. तुम्ही एक शब्द बोललात तर हॉलला उद्या कुलूप लागेल."

मामीने कागद हातात घेतला. एक शब्द तर तिच्याकडे होताच, अगदी जिभेवर. पण तो बोलला की माणसं पांगणार, आणि नऊ वर्षं तिच्या डोक्यात कुरतडणारा प्रश्न विचारायला कुणी उरणार नाही. माझंच घर का? आणि किल्ली कुणी दिली?

"चष्मा सापडत नाहीये हो," ती म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता. पोस्टमास्तर कागद घडी करून गेले.

शनिवारी ती मामाला घेऊन चर्चमध्ये गेली. वीस वर्षांत पहिल्यांदा. पाळक बाकांवरची धूळ पुसत होते. तिने सगळं सांगितलं, एका दमात, दाराकडे तोंड करून. पाळक खाली बसले.

"ताई, तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर मी बरोबर येतो," ते म्हणाले. "त्याच्या बाजूने नाही, तुमच्या. आणि तो इथे नकोच असेल तर तसंही करतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो घरफोड्या करायचा हे माहीत होतं. दुसऱ्या एका घरफोडीत सहा वर्षं आत होता. तुमचं घर त्यातलं एक, हे नव्हतं माहीत. माझी चूक झाली. भिंतीपलीकडे कोण राहतं, कुणाला काय होईल, हे हॉल उघडायच्या आधी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

नऊ वर्षांत कुणी तिला "माझी चूक" म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "मला त्याला एक विचारायचंय."

मंगळवारी सकाळी भेट ठरली. आदल्या दिवशी मामी जेवली नाही. निघताना तिने पिशवीत कात्री टाकली. मामाने बघितलं आणि दार उघडलं. चर्चची दोन्ही दारं पाळकांनी सताड उघडी ठेवली होती. तो माणूस पुढच्या बाकावर बसला होता, दोन्ही हात समोरच्या लाकडावर, दिसतील असे. मामी सगळ्यात मागच्या बाकाजवळ उभीच राहिली. मध्ये बारा बाक होते. ते तिने मोजले होते.

त्याने मान वळवली. चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. साधा, सुरकुतलेला चेहरा, केस पांढरे झालेले. बस थांब्यावर शेजारी उभा राहिला असता तर तिने वेळ विचारली असती. याचीच तिला जास्त भीती वाटली.

"बाई," तो म्हणाला, "पाळकांनी घर सांगितलं. मला आठवतंय. तुम्ही निळं काहीतरी शिवत होतात."

मामाने तिच्या पाठीवर हात ठेवला तशी ती दचकली.

"किल्ली कुणी दिली?" ती अखेर म्हणाली.

"कसली किल्ली?"

"आमच्या दाराची. लॅचची. कुणीतरी दिली असणार. पोलीस म्हणाले."

"किल्ली नव्हती आमच्याकडे," तो म्हणाला. "आम्ही तुमच्या घरावर आलोच नव्हतो. वरच्या मजल्यावर जाणार होतो. जिन्यात होतो तेवढ्यात तुमच्याकडून एक बाई कपड्यांची पिशवी घेऊन निघाली. दोन्ही हात भरलेले. तिने पायाने दार ओढलं आणि गेली. दार बसलंच नाही. बोटभर उघडं राहिलं. माझा जोडीदार म्हणाला, हेच बघू."

"खोटं बोलतोस."

"खोटं बोलून आता मला काय मिळणार, बाई?"

मामी खाली बसली. त्या दुपारी एक गिऱ्हाईक खरंच येऊन गेलं होतं. लग्नाचे सहा कपडे घेऊन. मामी मशीनवरून उठली नव्हती, "दार ओढून घ्या हं" एवढं म्हणाली होती. हे तिला आठवत होतं. नऊ वर्षं आठवत होतं. फक्त त्याचा आणि त्या दाराचा संबंध तिने कधी लावला नव्हता, कारण किल्लीचं उत्तर आधीच मिळालं होतं.

"आणि तो? सुरा असलेला?" मामाने विचारलं.

"माहीत नाही. आठ वर्षांत दिसला नाही."

"म्हणजे बाहेर आहे?"

"असेल," तो म्हणाला, आणि त्याची नजर उघड्या दारांकडे गेली. मामी सांगते, तो घाबरलाय हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिला आणि त्याला, दोघांनाही, त्याच एका बुटक्या माणसाची भीती वाटत होती.

"जी किल्ली नव्हती तिच्यासाठी एका बाईला दोन दिवस चौकीत बसवलं," मामी म्हणाली. "ती निर्दोष आहे, हे तू पोलिसांना सांगशील?"

त्याने पाळकांकडे बघितलं.

"सांगितलं तर मी परत आत जाईन."

"हो," मामी म्हणाली.

शुक्रवारी तो पाळकांबरोबर चौकीत गेला आणि जबाब दिला. पुढे त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. पोस्टमास्तर गल्लीभर सांगत सुटले, "बघा, मी म्हणत नव्हतो? चोरच निघाला." हॉलमध्ये तर उलटंच झालं. पाळक माणसांना पोलिसांच्या हवाली करतात अशी आवई उठली आणि पुढच्या बुधवारी एकोणिसाच्या जागी चौघं आले. वळणावर त्याच आठवड्यात एका मुलीची पिशवी गेली. पाळकांची झोप उडाली असावी, पण त्यांनी हॉल बंद केला नाही. हळूहळू माणसं परत यायला लागली. अर्जाचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

मामीचं काम मात्र संपलं नव्हतं. काकूंचा पत्ता शोधायला तिला तीन आठवडे लागले, आणि जायचं धैर्य गोळा करायला आणखी दोन. ती मला म्हणाली, "तू चल. मामा नको. ते मध्येच बोलतात." बसमध्ये ती माझं मनगट इतकं घट्ट धरून बसली होती की नखांचे वळ उठले. सुरा असलेला माणूस कोणत्याही थांब्यावर चढू शकतो, असं तिला वाटत होतं. प्रत्येक बुटक्या माणसाकडे ती टक लावून बघत होती.

काकू एका लांबलचक सामाईक व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत राहत होत्या. दार उघडंच होतं. त्यांनी मामीला ओळखलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

मामीने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. दार, पिशवीवाली बाई, जबाब. काकू कान देऊन ऐकत होत्या, तोंडावरची रेषही हलली नाही. सांगून झालं तेव्हा मामी रडत होती. काकू रडल्या नाहीत.

"मला कशाला सांगतेस?" त्या म्हणाल्या. "मी चोरी केली नाही हे मला माहीतच होतं. माहीत नव्हतं ते यांना." त्यांनी व्हरांड्याकडे हात केला. दहा-बारा दारं, दोरीवरचे कपडे, नळावर भांडी घासणाऱ्या दोन बायका, पेपर वाचणारा एक म्हातारा. "पोलीस मला इथून घेऊन गेले होते. या सगळ्यांच्या देखत. माझ्या धाकट्याचं जमलेलं लग्न मोडलं त्या पायी, दुसरं जमायला चार वर्षं गेली. अकरा वर्षं तुझं मीठ खाल्लं आणि तू साखळीच्या फटीतून बोललीस."

मामी वळली. अनोळखी माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की जिला घाम फुटतो ती बाई त्या व्हरांड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सगळ्या दारांतून माणसं डोकावायला लागली.

"ऐका," ती म्हणाली. आवाज चिरकला. तिने परत म्हटलं, मोठ्याने, "ऐका जरा! नऊ वर्षांपूर्वी माझ्या घरी चोरी झाली. यांनी काही केलं नव्हतं. चोराने स्वतः पोलिसांत सांगितलंय. मी यांचं नाव घेतलं. चूक माझी होती."

नळाचं पाणी चालूच होतं. म्हाताऱ्याने पेपर खाली ठेवला आणि काकूंच्या दाराकडे बघून नुसती मान हलवली. एक बाई दुसरीच्या कानाशी काहीतरी बोलली.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. "अजून एकदा," त्या म्हणाल्या. "ती शेवटच्या खोलीतली बहिरी आहे."

मामी शेवटच्या खोलीपर्यंत गेली आणि तेच सगळं, तिच्या कानाशी वाकून, परत सांगितलं.

काकू कामावर परत आल्या नाहीत. नजर गेली, सुईत दोरा ओवता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. खरं कारण तेच असेल असं नाही. पण परवा मामीकडे गेले तेव्हा टेबलावर काकूंच्या धाकट्या सुनेचं माप लिहिलेला कागद होता. काकूंच्याच वळणदार अक्षरात, खाली एक ओळ: शिवण पक्की घाल, घाई करू नकोस.